लाल पट्टीच्या अलीकडे

वैशाख लागला की आमच्या सोसायटीत सकाळी दहालाच टाकीचं पाणी इतकं तापतं, की माझी बायको वंदना तुपकट भांडी मुद्दाम त्या वेळेपर्यंत राखून ठेवते. सुरतेतल्या कोसाडच्या या भागात घरं दाटीची, झाडं मोजकी, आणि जी आहेत त्यांची सावली त्यांनाच पुरत नाही. रस्त्यावर बायका डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळून स्कूटर चालवतात. ओळखीची कोण, बिनओळखीची कोण, कळत नाही. मी सगळ्यांनाच मान डोलावतो. शाळेचे पेपर तपासून झालेले असतात. मी मराठी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. वर्गात आता बाकं जास्त आणि मुलं कमी, त्यामुळे पेपर तपासायला वेळ लागत नाही आणि नंतर वेळ जाता जात नाही.

या दिवसांत दरवर्षी मी एक काम करतो. घराच्या बाजूला पत्र्याखाली उभ्या असलेल्या गाडीवरची ताडपत्री काढतो, धूळ झटकतो, रेडिएटरमधलं पाणी बघतो आणि ताडपत्री परत घालतो. चालू करत नाही. आप्पा गेले त्या वर्षी बॅटरीच काढून ठेवली होती.

यंदा ताईचा फोन आला. "मी उद्या येतेय. गाडी चालू करून ठेव. नुसती झाकून ठेवलीस तर आतून गंजेल." ताई थोरली. तिचं ऐकायचं असतं, हे मला लहानपणी शिकवलं गेलं आणि नंतर कुणी विसरायला सांगितलं नाही. आज सकाळी नवी बॅटरी आणून बसवली, दार उघडलं, आणि आतून तो वास आला. तापलेलं कातडं, जुनं ऑईल आणि किंचित कोळसा. किल्ली हातात धरून मी तसाच उभा राहिलो.

गाडीत दोनच माणसं बसतात. वर कापडी छप्पर, पुढे लांब नाक, आणि बसायची जागा इतकी खाली की शेजारून जाणाऱ्या रिक्षाचं चाक आपल्या कानाशी फिरतं. विलायती बनावटीची, शर्यतीच्या जातकुळीची. कधीकाळी लाल होती. आता तिला कुठला रंग म्हणायचं यावर आमच्या घरात एकमत नाही. ती मूळची पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसच्या शेठची. कापड रंगवायचा कारखाना. शेठनी ती तरुणपणी हौसेनं घेतली, हौस फिटल्यावर कोळशाच्या ढिगाशेजारी उभी केली. त्याच ढिगाच्या पलीकडे बॉयलर होता, आणि त्या बॉयलरवर पस्तीस वर्षं आप्पा.

धुळे जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आप्पा सुरतेला आले तेव्हा त्यांना बॉयलर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. नंतर मात्र त्यांना दुसरं काही ठाऊक नाही, असं आई म्हणायची. जगातल्या सगळ्या गोष्टींची दोनच कारणं ते सांगत: पाणी आणि क्षार. माझ्या दहावीच्या निकालाचंही कारण त्यांनी डोक्यात क्षार बसलेत असं दिलं होतं. शिफ्टच्या मधल्या सुट्टीत ते शेठच्या गाडीशी बसत. तिची नळी साफ कर, पट्टा बदल, बॉयलरसाठी क्षार काढलेलं पाणी असे त्यातलं तांब्याभर तिला पाज. शाळा सुटली की ताई त्यांचा डबा घेऊन जायची आणि ते जेवेपर्यंत त्या उभ्या गाडीत बसून गृहपाठ करायची. मी कधी गेलो नाही. मला कोळशाची धूळ सोसत नसे, असं मी सांगत असे.

पुढे कारखाना विकायचा ठरला तेव्हा म्हाताऱ्या शेठनी आप्पांना बोलावून किल्ली हातात दिली. "लई जा. आ गाडीने पाणी तो तें ज पायुं छे ने." घेऊन जा, हिला पाणी तर तूच पाजलंस. आप्पा हे वाक्य गुजरातीतच सांगत, आणि सांगताना नेहमी खिडकीबाहेर बघत.

गाडीत हीटर होता. सुरतेत हीटर. ज्या शहरात जानेवारीत लोक पंखा एकवर ठेवून स्वेटर घालतात, तिथे आप्पा दरवर्षी त्या हीटरची कळ फिरवून बघत, त्याच्या नळ्या धुऊन घेत. मी पाहुण्यांसमोर यावर विनोद करायचो. आप्पा म्हणत, "मास्तर, जी वाट मशीन बनवणाऱ्यानं ठेवलीय, ती बुजू द्यायची नसते." घरात ते मला मास्तरच म्हणत, नोकरी लागायच्या आधीपासून. त्यात कौतुक किती आणि काय किती, ते मी कधी विचारलं नाही.

ताईनं लग्न केलं ते कच्छच्या एका मिठाच्या कारखान्यातल्या केमिस्टशी. तो कच्छी, आम्ही खानदेशी. शिवाय तिनं आधी विचारलं नाही, सांगितलं. आप्पा एवढंच बोलले, "तिच्या घरचं पाणी पिणार नाही." तशीही आमच्याकडे रीत होती. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. ताईला मूल झालं नाही. मग रीत आणि राग यांची अशी काही गाठ बसली, की कुठली दोरी कुठली ते आप्पांनाही सांगता आलं नसतं. सव्वीस वर्षं.

या सव्वीस वर्षांत आई ताईशी फोनवर बोलायची ती स्वयंपाकघरात, मिक्सर चालू करून. आप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून. त्यामुळे आमच्याकडे चटणी फार होत असे. शेंगदाण्याची, लसणाची, कारळाची, सुक्या खोबऱ्याची. शेजारी वाटल्या घेऊन जायचे. आणि एखाद्या आठवड्यात मिक्सर वाजला नाही, तर आप्पा ताटावरून मान वर न करता विचारायचे, "आज चटणी नाही?" आई म्हणायची, "उद्या करते." दुसऱ्या दिवशी चटणी असायची. मला हे संभाषण चटणीबद्दलचं वाटायचं. मी भाषेचा शिक्षक आहे, हे पुन्हा सांगतो.

आई गेली तेव्हा ताई आली होती. फाटकाशी उभी होती. आप्पा तिच्या जवळून गेले आणि थांबले नाहीत. ती संध्याकाळच्याच गाडीनं परत गेली.

त्यानंतरचा तो उन्हाळा. आई जाऊन चार महिने झाले होते. एका दुपारी जेवताना आप्पा म्हणाले, "चटणी संपली."

वंदना म्हणाली, "आप्पा, मी करते ना."

"तशी नको," आप्पा म्हणाले. हात धुऊन आल्यावर मला म्हणाले, "मंदाकडे जाऊ." मंदा म्हणजे ताई.

मी तिथल्या तिथे फोन काढून रेल्वेची तिकिटं बघायला लागलो. थंड डब्याची. त्यांनी माझ्या हातातला फोन पालथा केला. "रेल्वे नको. तिच्यातून माघारी फिरता येत नाही. आपली गाडी काढ. आणि ऐकून ठेव, काटा लाल पट्टीला लागला, की जिथं असू तिथून परत."

गाडीच्या डॅशवर पाण्याच्या तापमानाचा एक गोल काटा होता. डावीकडे निळं, मध्ये पांढरं, उजवीकडे बोटाएवढी लाल पट्टी. सुरत ते कच्छ, साडेपाचशे किलोमीटर, मे महिना, शेवटचा टप्पा रणाच्या कडेनं. आणि ज्या गाडीनं कोसाडहून शेजारच्या अमरोलीला जाऊन येतानाही दोनदा सुस्कारे टाकले होते, ती गाडी. मला वाटलं, हा नकारच आहे. फक्त तो काट्याच्या तोंडून यावा अशी यांची इच्छा आहे.

तयारी मात्र त्यांनी अशी केली की मी बघत राहिलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पाय सुजलेले, चार दिवस पत्र्याखाली बसून होता. लिंबूसत्त्व कालवून रेडिएटरमध्ये भरलं, इंजिन फिरवलं, काढलं. तपकिरी पाणी आलं. पुन्हा भरलं. पाचव्या वेळी नितळ आलं, तेव्हा ते बोटानं चाखून बघितलं. सगळे रबरी पाइप नवे. पंख्याची हवा आजूबाजूला निसटू नये म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याच्याभोवती कडं केलं. बॉनेट मागच्या बाजूनं बोटभर उचललेलं राहावं म्हणून बिजागरीखाली वॉशर घातले. गरम हवेला बाहेर पडायला फट. उकळून वर येणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून लोणच्याची प्लास्टिकची बरणी इंजिनाशेजारी बांधून तिच्यात नळी सोडली. बरणी आईची होती. धुऊनही तिचा वास गेला नव्हता.

आणि मी काय केलं? मी सोनवणे सरांकडे गेलो.

सोनवणे सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात आणि घरी रेडिओ दुरुस्त करतात. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी विचार करून एक पट्टेरी मणी काढला, तांदळाच्या दाण्याएवढा. "रेझिस्टन्स. हा तारेत बसवला की काटा मधोमध राहील. मग तुम्ही गाडी चुलीवर ठेवा."

"आणि आप्पांना कळलं तर?"

"त्यांना कसं कळणार? काटा मधोमध म्हणजे सगळं ठीक. शंका लाल काट्याची येते, सर. मधल्या काट्याची कुणाला येते?"

हे मला पटलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी आप्पांना सोसायटीभर एक फेरी मारून आणलं, ते हातपाय धुवायला आत गेले, तेवढ्यात तापलेल्या गाडीत सोनवणे सरांनी मणी बसवून दिला. काटा मध्येच होता, मध्येच राहिला. मी समाधानानं झोपलो. खरं इंजिन तापेल तेव्हा आपल्याला कळणार कसं, हा प्रश्न मला पडला नाही. माझ्या डोळ्यापुढे फक्त ताईचं फाटक होतं. काटा लाल झाला नाही, तर हा माणूस तिथपर्यंत पोचेल, आणि आत्ता पोचला नाही तर पुन्हा निघणार नाही. एवढंच मला कळत होतं.

पहाटे साडेपाचला निघालो. पहिला स्टार्ट आप्पाच देणार, हा त्यांचा नियम. थंड बॉयलर पेटवायचा तो आपल्या हातानं, दुसऱ्याला द्यायचा नाही. मी पाण्याचे तीन कॅन मागे चढवत होतो, शेजाऱ्याची आडवी लावलेली स्कूटर हलवत होतो. आप्पा चालकाच्या जागेवर बसले. किल्ली फिरवल्याचा खट् असा आवाज आला आणि मग काहीच नाही. मी वाकून बघितलं. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले होते. बराच वेळ. मला वाटलं, आईची आठवण आली असेल; गावाला निघताना ती इथेच उभी राहून दही द्यायची. मी मुद्दाम स्कूटरशीच रेंगाळलो. मग इंजिन सुरू झालं. आप्पा उतरले, डावीकडे जाऊन बसले आणि म्हणाले, "चल."

भरूचपर्यंत सगळं सुखाचं होतं. नर्मदेवर गार वारा होता. मी दर पन्नास किलोमीटरवर आकाशवाणीसारखं जाहीर करत होतो, "काटा मधोमध आहे, आप्पा."

"बघतोय."

बडोद्याला, "मधोमध आहे."

"चांगला आहे काटा."

अहमदाबाद बाजूला टाकून विरमगामच्या रस्त्याला लागलो तेव्हा उन्हानं रंग बदलला. सुरतेचं ऊन घामट असतं, अंगाला चिकटतं. इथलं ऊन कोरडं. घाम आलेला कळतही नाही, आधीच वाळलेला असतो. रस्ता पुढे वितळून पाण्यासारखा हलत होता. एक तळवा आप्पांनी समोरच्या पत्र्याला लावून ठेवला होता, पलीकडे इंजिन होतं त्या पत्र्याला. आजाऱ्याच्या पाठीवर ठेवावा तसा. मधूनच म्हणत, "पन्नासवर घे." मधूनच, "गिअर खाली घे, तिला ओढायला लावू नको." मी काट्याकडे बघून म्हणायचो, "पण आप्पा, काटा तर..." ते म्हणायचे, "हो. तरी घे."

ध्रांगध्राच्या पुढे त्यांनी खाली वाकून हीटरची कळ पूर्ण उघडली.

मला आधी वाटलं त्यांचा हात चुकला. भर दुपारी, मे महिन्यात, रणाच्या तोंडाशी, त्यांच्या पायांवर भट्टीच्या दारातून यावी तशी हवा आली. माझ्याही पिंढऱ्या भाजायला लागल्या.

"आप्पा, हीटर आहे तो."

"पाय दुखतात. शेक बरा वाटतो."

"अहो, बाहेर काय कमी शेक आहे?"

"तू रस्त्याकडे बघ."

म्हातारपणात माणसं हट्टी होतात, हे मी माझ्या वयाच्या मित्रांकडून ऐकलं होतं. मी उसासा टाकला आणि छप्पर अर्धं उघडलं. आप्पांनी पाय मागे घेतले नाहीत.

हळवदच्या अलीकडे ते म्हणाले, "थांब. बाभळीखाली. बंद करू नको, चालू राहू दे." वाऱ्याकडे तोंड करून गाडी उभी केली. त्यांनी डोक्याचा पंचा सोडला, ओला करून इंजिनाला लागून असलेल्या पेट्रोलच्या पंपावर गुंडाळला. रेडिएटरच्या झाकणाला मी हात घालणार तेवढ्यात माझं मनगट धरलं. कॅनमधलं पाणी आधी कोमट होऊ दिलं, मग बरणीत ओतलं, धार करंगळीएवढी. "तापलेल्याला एकदम गार पाणी द्यायचं नाही. तडा जातो," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "माणसालासुद्धा."

'मंदाकडे जाऊ' एवढं सोडलं, तर आई गेली त्या दिवसापासून त्यांनी तिच्याबद्दल किंवा ताईबद्दल बोललेलं ते पहिलं वाक्य असावं. ते नेमकं कुणाबद्दल होतं, ते मी विचारलं नाही.

तिसरा कॅन गळत होता. त्यातलं अर्धं पाणी बडोद्याच्या आसपासच कुठे रस्त्याला गेलं होतं. तो मीच निवडून आणला होता, स्वस्त होता म्हणून नव्हे, निळा होता म्हणून. पुढे एका चहाच्या टपरीवर पाणी मागितलं. टपरीवाल्या बाईंनी माठाकडे हात केला, "खारुं छे, काका. नहावा चाले, पीवा नहीं." आप्पांनी थेंब जिभेवर घेतला आणि थुंकले. "हे तिला नको. क्षार." मग त्यांनी आपल्या पिशवीतली प्यायच्या पाण्याची बाटली काढली. घरून उकळून गार करून आणलेली, वंदनानं वर त्यांचं नाव लिहिलेली. अर्धी बरणीत ओतली. पुढच्या थांब्यावर उरलेली अर्धी.

मी माझी बाटली पुढे केली.

"तू पी. तुला चालवायचंय."

"आणि तुम्ही?"

"मला तीस नाही." तीस म्हणजे तहान, आप्पा थकले की घरची अहिराणी वर यायची.

उजवीकडे रण सुरू झालं होतं. भेगाळलेली सपाट जमीन, तिच्या टोकाला काहीच नाही. रानगाढवांचा एक कळप लांब उभा होता, एकाची मान दुसऱ्याच्या पाठीवर. सावलीला म्हणून एकमेकांचीच सावली. मग सुरजबारीचा पूल आला. दोन्ही बाजूंना मिठागरं, पांढऱ्याफेक ढिगांच्या ओळी, डोळे उघडवेनात. आणि तिथे मला वास आला. गोडसर, जळका. बॉनेटच्या मागच्या फटीतून एक बारीक वाफेची रेघ निघाल्यासारखी वाटली. काटा मधोमध होता. आपण काय करून ठेवलं ते मला तेव्हा, पुलाच्या मधोमध, समजलं.

"आप्पा, कसला वास येतोय?"

आप्पांनी तळवा पत्र्यावर दाबला. डोळे मिटले. मग म्हणाले, "खाडीचा. मिठाचा वास आहे. चालव."

"थांबू का?"

"काटा काय म्हणतो?"

"मधोमध."

"मग चालव."

पुढचे सगळे किलोमीटर हीटर पूर्ण उघडा. आप्पांचे दोन्ही पाय त्याच्या तोंडाशी, जोडून ठेवलेले.

ताईचं घर मिठाच्या कारखान्याच्या वसाहतीत. बैठ्या घरांची रांग, कडुलिंबाचं एक झाड, निळं फाटक. ती फाटकात उभीच होती, सकाळपासून असावी. सव्वीस वर्षांपूर्वी गेलेली मुलगी आता चष्मा लावून, पांढऱ्या केसांची, आणि तरी उभी राहायची पद्धत तीच, एका पायावर भार देऊन. गाडी थांबली. बॉनेटखाली पाणी खदखदत होतं, ते ऐकूनच ती धावत आत गेली आणि बादली भरून घेऊन आली. बॉयलरवाल्याची पोर. आधी गाडी.

"आप्पा, हे पाणी चांगलं आहे. टँकरचं आहे, खारं नाही. ओतू का?" बोलताना तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. दाजी, तिचे यजमान, दाराच्या आत अर्धे दिसत होते, बाहेर यावं की नाही या विचारात.

आप्पा गाडीतून उतरू शकत नव्हते. ओठ पांढरे पडले होते. त्यांनी बादलीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"गाडीले ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "माले पानी दे, व माय."

ताई हलली नाही. तिला ऐकू आलं नाही असं नव्हतं. मग तिनं बादली खाली ठेवली ती कलंडली, पाणी मातीत गेलं, आणि आतून दाजीच तांब्या घेऊन आले. त्यांनी तो ताईच्या हातात दिला. ताईनं आप्पांच्या.

आप्पा तांब्या वर धरून प्यायले, घोट घोट, मध्ये न थांबता. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर उतरत होतं. रिकामा तांब्या त्यांनी परत पुढे केला. "आजून."

ताई त्यांच्या चपला काढायला खाली बसली तेव्हा तिनं ते पाय बघितले. घोट्यापर्यंत लाल, पावलांवर दोन ठिकाणी फोड. "हे कशानं भाजले?"

"उन्हानं," आप्पा म्हणाले.

मी शहाणपणानं हीटरची हकिकत सांगितली. शेक घेत होते म्हणालो. ताईनं माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलो नाही.

"मास्तर, हीटर म्हणजे वेगळं काही नसतं रे. इंजिनातलंच उकळतं पाणी असतं. ते इकडे फिरवलं की तिकडचा ताप उतरतो. त्यांनी गाडीचा ताप पायांवर घेतला."

संध्याकाळी लिंबाखाली मी तिला मण्याची गोष्ट सांगितली. ती आधी हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "बरं केलंस. नाहीतर सानंदलाच परत फिरले असते." मलाही तसंच वाटलं. खूप वर्षांनी मी काहीतरी हुशारीचं केलं होतं. मात्र एक गोष्ट माझ्या मनात राहून गेली. काटा जर मधोमध दिसत होता, तर पाय कशाला भाजून घेतले? मीच उत्तर दिलं. सवय. जुना माणूस, खबरदारी जास्त.

मी दोन दिवसांनी रेल्वेनं परतलो. आप्पा तिकडे अडीच महिने राहिले. दाजींना पाण्यातल्या क्षारावर शिकवलं; केमिस्ट माणसानं ते गुपचूप ऐकून घेतलं. नंतर ताई त्यांना घेऊन सुरतेला आली आणि गाडी मिठाच्या एका ट्रकवर चढून आली. मी म्हणत राहिलो, एकदा चालू करू, एकदा चालू करू. आप्पांच्या पायांची सूज मग उतरलीच नाही. दोन हिवाळ्यांनी ते गेले. ताई उशाशी होती. शेवटचं पाणी तिच्या हातचं.

तर आज सकाळी मी किल्ली हातात धरून उभा होतो. मग बसलो. पहिला स्टार्ट. आतापर्यंत या गाडीचा थंड स्टार्ट मी कधी दिलाच नव्हता, हे बसल्यावर लक्षात आलं. किल्ली अर्धी फिरवली. खट् असा आवाज आला.

काटा उडी मारून मधोमध जाऊन बसला.

इंजिन सुरू व्हायचं होतं. कितीतरी वर्षं ते पत्र्याखाली गार पडलेलं होतं. मी बाहेर आलो, बॉनेट उचललं, हात लावून बघितला. गार. परत येऊन बसलो. किल्ली मागे घेतली, काटा निळ्यात पडला. पुढे केली, मधोमध.

आमच्या घरात जेवताना हजार वेळा ऐकलेली एक गोष्ट आहे, आप्पांची आवडती. ड्युटीवर आल्यावर पहिलं काम काय? गेज खरं बोलतं का ते बघायचं. बॉयलर थंड असताना काटा शून्यावर बसला पाहिजे. नाही बसला, तर त्या काट्यावर दिवसभर विश्वास ठेवायचा नाही, कान नाक उघडे ठेवायचे. मी वरणभात कालवत ऐकत असे.

त्या पहाटे ते याच जागी बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून. समोर बघत. मी बाहेर स्कूटरशी रेंगाळत होतो आणि त्यांना आईची आठवण येते आहे असं समजत होतो. सुरतेतच, फाटकाच्या आत, त्यांना कळलं होतं की काटा खोटा आहे आणि तो कुणी खोटा केला. अट त्यांची होती. उतरून घरात जायला त्यांना पुरेसं कारण मिळालं होतं, लाल पट्टीपेक्षाही चांगलं. बराच वेळ त्यांनी त्या काट्याकडे बघितलं, आणि मग इंजिन सुरू केलं.

आणि मी दर पन्नास किलोमीटरवर सांगत होतो, मधोमध आहे, आप्पा. बघतोय, ते म्हणत होते.

मी अजून बसलेलोच होतो तेव्हा ताईचा फोन आला. मागे तिचा मिक्सर वाजत होता. प्रवासाला चटणी करत असावी. "झाली का चालू?"

"अजून नाही. किल्ली फिरवलीय फक्त."

"काटा कुठे आहे?"

"मधोमध."

"अरे, थंड इंजिनाला काटा..." ती थांबली. तिनं मिक्सर बंद केला. तिकडे एकदम इतकं शांत झालं की तिच्या अंगणातल्या लिंबावरचे पक्षी मला ऐकू यायला लागले.

मग ती म्हणाली, "तो मणी काढू नकोस."

"नाही काढत," मी म्हणालो, आणि इंजिन सुरू केलं.